बावन्नावं ताट

विश्रामबागेत, रेल्वे फाटकाच्या अलीकडं
एकावन्न ताटं वाढते मी रोज, दोन वेळा.
कुणाला कांदा चालत नाही,
कुणाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही,
कुपवाडच्या कारखान्यातल्या दोघा पोरांना
कच्च्या मिरच्या लागतात, वेगळ्या, मीठ लावून.
सगळं ध्यानात असतं.
वही लागत नाही.

मगदूम डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारलं,
"काल दुपारी तुम्ही काय जेवलात?"
आणि मी म्हटलं, आठवत नाही बघा.

आठवत होतं.
ओट्याशी उभ्याउभ्या
कढईच्या कडेची खरवड, भाकरीचा करपलेला पापुद्रा,
वर चहा. आणि परत चहा.
रिपोर्टवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "सात पॉइंट दोन."
मी म्हटलं, "नापासच की."
त्या हसल्या नाहीत.
झोपेचं विचारलं.
झोप लागते, म्हटलं, पण तीनला जाग येते,
छातीवर भिजवलेल्या डाळीचं पातेलं ठेवल्यागत,
आणि ते खाली उतरवायला
घरात दुसरं कुणी उठत नाही.

चिठ्ठीवर लोहाच्या गोळ्या, कसलंसं टॉनिक,
आणि सगळ्यात खाली, गिचमिड अक्षरात, एक ओळ.
औषधाच्या दुकानातला इम्तियाज बराच वेळ
ती डोळ्यांजवळ धरून वाचत राहिला.
"बसून जेवणे," म्हणाला, "दोन वेळा.
हे आपल्याकडं मिळत नाही, वहिनी."

दुसऱ्या दिवशी बसायला गेले
तर ताटच नाही.
एकावन्न माणसं, एकावन्न ताटं.
अकरा वर्षांत एकदाही
एक कमी पडतंय असं वाटलं नव्हतं.

गणपती पेठेत गेले. कड उंच असलेलं निवडलं.
"नाव काय घालू?" दुकानदारानं मशीन हातात घेतलं.
आजवर मी घातलेली नावं:
सासऱ्यांच्या स्मरणार्थ, नणंदेच्या डोहाळजेवणाला,
भाच्याच्या बारशाला सप्रेम भेट.
"सुलोचना," म्हटलं.
"पुढं?"
"पुढं काही नाही."
मशीन दाढेत घुसल्यासारखं किरकिरलं.

दुपारी दीड वाजता, भिंतीकडेच्या बाकावर,
मेथीची भाजी, मऊ भाकरी,
दह्यात कालवलेली शेंगाची चटणी, लिंबाची फोड.
पहिल्या घासालाच कुणीतरी ओरडलं, "मावशी, आमटी!"
गुडघे आपोआप उठले.
मी त्यांना परत खाली बसवलं.
"घे हातानं. पळी तिथंच आहे."
सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली,
जणू भिंतीवरचं घड्याळ बोललं.

आणि सावकाश जेवताना कळलं
की माझ्या आमटीत गूळ जरा जास्तच पडतो.
अकरा वर्षं! मेल्यांनो, सांगायचं नाही होय?

आता रात्री मूठभर तासगावचे बेदाणे भिजत घालते,
सकाळी पोह्यांच्या आधी खाते.
संध्याकाळी कधीतरी हरिपूरच्या रस्त्यानं चालत जाते,
संगमापर्यंत पोचतेच असं नाही,
चिंचांच्या सावलीतनंच बऱ्याचदा मागं फिरते.
परवा नऊ पॉइंट एक आलं.
तीनची जाग अजून येते.
पण पातेलं निम्मं झालंय, हलवता येतं.
आणि परीक्षांच्या दिवसांत, खोटं कशाला बोलू,
मी पुन्हा ओट्याशी उभी राहूनच खाल्लं, आठवडाभर.

काल यल्लव्वा माझं ताट घासताना
नावावरून बोट फिरवत होती.
जतकडची आहे, कमी बोलते.
मोरीच्या उंबऱ्यावर बसून, पातेल्यातच जेवते.
"नाव घालायला किती घेतो त्यो?"
"का गं?"
"काय न्हाई," म्हणाली
आणि तव्याला राख लावली.

उद्या पेठेत जायचंय.
तिच्या नावात ल जोडाचा आहे, व पण जोडाचा.
दुकानदाराला कागदावर लिहून द्यायला हवं.